माझ्यानंतरची ब्रॉन

“तुमच्यानंतर ब्रॉन वीस-पंचवीस वर्षं तरी सहज काढेल, मिसेस हॅडो,” डॉक्टर म्हणाला आणि ब्रॉनच्या पाठीवर नळी टेकवून पुन्हा ऐकायला लागला. उद्या ऊन पडेल, कपडे वाळत घालायला हरकत नाही, अशा सुरात. वीरसिंघे त्याचं नाव. वय पस्तिशीच्या आतलं, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. चांगला मुलगा आहे. ब्रॉनशी बोलताना ब्रॉनकडे बघून बोलतो, माझ्याकडे बघून नाही, आणि हे शिकवून येत नाही असं माझं मत आहे. पण त्या क्षणी मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. माझ्या हातात ब्रॉनची हनुवटी पुसायचं फडकं होतं. मी त्याची घडी मोडली, परत घातली, परत मोडली. जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं झालं. मुलगी अडतीस वर्षांची, जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, हातपाय तिचं ऐकत नाहीत, जीभ ऐकत नाही, मान ऐकली तर ऐकते. आणि एवढी सगळी वर्षं मी एकाच बातमीची तयारी करत बसलेली. हा माणूस नेमकी उलटी बातमी घेऊन आला होता.

“कशावरून म्हणता?” मी विचारलं. आवाज भांडायला निघाल्यासारखा आला.

“छाती स्वच्छ आहे. वजन टिकून आहे. हृदय माझ्यापेक्षा बरं चालतंय,” तो म्हणाला. “लहानपणाची अवघड वर्षं ओलांडून जी माणसं अशी इथवर येतात, ती पुढेही जातात. खात्री कुणाचीच देता येत नाही, उद्या छाती भरली तर झुंज आहेच. पण मरायला टेकलेली म्हणून तिच्याकडे बघू नका.”

“आम्हाला दहा वर्षं सांगितली होती.”

“कोणी?”

“तुम्ही जन्मायच्या आधीच्या एका डॉक्टरने.”

तो हसला नाही. म्हणाला, “त्या वेळचे अंदाज बरेचदा संस्थांमध्ये ठेवलेल्या मुलांवरून बांधलेले असायचे. आडवं झोपवून, घाईघाईत भरवलेली मुलं. ती लवकर जायचीच. रोज तास-तास बसून कोणी भरवलेलं मूल त्या हिशेबात धरलेलंच नव्हतं.” आणि मग तो ब्रॉनकडे वळला, “काय ब्रॉन, आहे का तयारी अजून वीस वर्षांची?” ब्रॉनने डोळे वर केले. वर म्हणजे हो. ती हसायला लागली. तिचं हसू पायांपासून सुरू होतं, गुडघे ताठ होतात, चाकांच्या खुर्चीचे पट्टे करकरतात, मग सगळ्यात शेवटी ते तोंडापर्यंत पोचतं आणि आवाज फुटतो. बाहेरच्या बाकावरचे लोक दचकतात. मी तिची हनुवटी पुसली. ती माझ्याकडे टक लावून बघत होती, आणि ती नजर मला चांगली ठाऊक आहे. आमच्या घरात त्या नजरेला ‘बिल आलं’ म्हणतात.

तो पहिला डॉक्टर अजून माझ्या डोक्यात राहतो, भाडं न देता. ठिपक्यांचा बो-टाय, टेबलावर त्याच्या बोटीचा फोटो. ब्रॉन दीड वर्षाची होती, केलच्या मांडीवर, तिची मान केलच्या कोपरात. केल, माझा नवरा, पोलादाच्या कारखान्यातून पाळी संपवून तसाच आला होता, भुवयांत काजळी. डॉक्टर म्हणाला, दहावा वाढदिवस ती बघणार नाही, तेव्हा फार जीव लावू नका. डोंगरापलीकडे एक जागा आहे, तिथे अशा मुलांना ठेवून घेतात. घरी जा, दुसरं मूल होऊ द्या. त्याने हे वाईट हेतूने सांगितलं नव्हतं, हे मला आता कळतं आणि त्यामुळे राग वाढतो. केल उठला. बोलणारा माणूस नव्हता तो, वर्षातून चार वाक्यं धड बोलायचा. तेव्हा म्हणाला, “जीव कुठे लावायचा ते आमचं आम्ही बघू.” गाडीत बसल्यावर मात्र त्याला किल्ली फिरवता येईना. मीच चालवली. ब्रॉन मागच्या सीटवर, सोबत आलेल्या माझ्या आईच्या मांडीवर होती आणि वाटेत समुद्र दिसल्यावर ती ओरडली, आनंदाने. समुद्र दिसला की अजूनही ओरडते.

वीरसिंघेकडून परततानाही ओरडली. टॅक्सी बंदराच्या कडेने चालली होती, खुर्चीला खाली चार हुक लावलेले, मी शेजारी. कोळशाचं एक जहाज, अख्ख्या गल्लीएवढं, दोन टगबोटींच्या मागे आत येत होतं. ऑस्ट्रेलियातल्या या न्यूकॅसलमध्ये जन्मल्यापासून बघतेय मी ही जहाजं, पण ब्रॉनला प्रत्येक नवीन वाटतं. ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, “काय गं, आवडलं का?” आणि मग मला, “किती वय हिचं?” हा प्रश्न मला नेहमी विचारतात, आणि मी नेहमी उत्तर देताना आवाज थोडा खाली घेते. नशिबाला ऐकू जाऊ नये म्हणून. त्या दिवशी मी म्हटलं, “अडतीस,” आणि माझ्या लक्षात आलं की आवाज खाली घ्यायचं कारण आता उरलेलं नाही. मला हायसं वाटायला हवं होतं. मला भीती वाटली. आयुष्यभर एका दाराला पाठ लावून उभी राहिलेली बाई मी. कुणीतरी येऊन सांगत होतं की त्या बाजूने कोणी ढकलतच नाहीये. मग इतकी वर्षं मी केलं काय? आणि माझ्यामागे, वीस वर्षं, तिची मान कोण धरणार?

आम्ही सगळं आधीच उरकायचो, हा आमच्या घराचा धर्म. तिचा एकविसावा वाढदिवस आम्ही ती नऊ वर्षांची असताना केला. कल्पना केलची. आमच्याकडे एकविसाव्याला मोठी लाकडी किल्ली देतात, मूल आता मोठं झालं, घराचं दार त्याच्या मालकीचं, कधीही जावं कधीही यावं. केल म्हणाला, तिची किल्ली चुकायला नको. त्याने मागच्या शेडमध्ये बसून दोन हात लांब किल्ली कापली, घासली, चंदेरी रंग दिला. हॉल घेतला, नातेवाईक बोलावले, मी लॅमिंग्टनची, म्हणजे चॉकलेट-खोबऱ्यात घोळवलेल्या केकच्या तुकड्यांची, ताटंच्या ताटं केली. सगळे आले, आणि सगळ्यांना माहीत होतं आपण कशाला आलोय. माझा भाऊ रेग भाषणाला उभा राहिला, “ब्रॉन्विन हॅडो, आजपासून तुझं दार उघडं, तू कधीही—” इथवर म्हणाला आणि त्याला पुढे बोलता येईना. तेवढ्यात ब्रॉन हसायला लागली. किल्ली तिच्या मांडीवर आडवी ठेवली होती, हसण्याने पाय ताठ झाले, किल्ली उडून रेगच्या नडगीवर बसली. रेगने शिवी घातली आणि हॉलभर हशा. तिथून पुढे ती खरी पार्टी झाली. केलने बोटाने बिअरचा फेस तिच्या ओठाला लावला. तिने तोंड वाकडं केलं आणि परत मागितला.

मग तिला दहा वर्षं पूर्ण झाली. अकरा झाली. वाढदिवस आम्ही हळू आवाजात करायचो. पंधरा. एकोणीस. खरा एकविसावा आला तेव्हा काय करावं तेच आम्हाला सुचेना. केल म्हणाला, “तो तर झाला आपला,” आणि आम्ही समुद्रावर जाऊन तळलेला मासा आणि चिप्स खाल्ले. स्मशानातल्या जागांचंही तेच. केलने तीन शेजारी-शेजारी घेऊन ठेवल्या, मधली ब्रॉनची, म्हणजे ती आधी गेली की पुढे आम्ही दोन बाजूंनी येऊ. सहा वर्षांपूर्वी केल गेला, धडधाकट माणूस, बागेत पाण्याचा पाइप धरून उभा असताना. त्याला डावीकडे ठेवला. मधली जागा तशीच, वर गवत, आणि ब्रॉनची खुर्ची मी नेमकी त्यावर उभी केलेली, कारण तिथेच जमीन सपाट होती. रेग कानात म्हणाला, “अगं, जरा बाजूला तरी घे तिला.” मला हसू आलं. नवऱ्याच्या मातीला उभी राहून हसले मी. ब्रॉन रडत होती, आणि रडताना तिचा श्वास अडकतो म्हणून मी तिची पाठ थोपटत होते, म्हणजे खरं तर त्या दिवशीही मला रडायला वेळ मिळाला नाही.

लोक मला म्हणतात, नेरिडा, तुझी कमाल आहे. कमाल माझी नाही. ब्रॉन एक घास कसा गिळते ते कुणी नीट बघावं. तुम्ही-आम्ही बोलता बोलता गिळतो. तिला आधी मान आणावी लागते, मान निसटते, परत आणावी लागते. मग ओठ मिटायचे. मग जिभेने घास मागे न्यायचा, आणि जीभ नेमकी तेव्हाच बाहेर धावते. मग श्वास थांबवायचा, अगदी नेमका, नाहीतर घास छातीत. इतकं करून घास खाली गेला की तिच्या कपाळावर घाम असतो, आणि ती डोळे वर करते, दुसरा दे. वाटाणे आवडत नाहीत, ते थुंकते, नेम धरून. कोकराचं मांस मऊ शिजवून, दाट रश्श्यात, भोपळा कुस्करून. दिवसातून तीनदा, वर्षानुवर्षं, ती हे करते आणि कधी मला नको म्हणत नाही. पर्वत चढणाऱ्यांचे फोटो पेपरात येतात. मला वाटतं, या बाईचा एका दुपारचा फोटो छापा. चार वेळा तिची छाती भरली, चार वेळा आम्ही तिला उताणं-पालथं करून पाठ थोपटत बसलो, ओंजळ करून, खालून वर, आणि चारही वेळा ती परत आली आणि पहिल्यांदा काय केलं तर हसली. वॉर्डातल्या एका नर्सच्या गमतीदार टोपणनावावर. तिच्या जागी मी असते तर केव्हाच गेले असते.

आणि तोंडाळही आहे. तिच्याशी बोलायला आमच्याकडे एक पारदर्शक पाटी आहे, तिला आम्ही खिडकी म्हणतो. कोपऱ्या-कोपऱ्यात अक्षरांचे झुबके, आपण एका बाजूने धरायची, ती पलीकडून बघते, आपण तिच्या नजरेवरून अक्षर पकडायचं. या खिडकीतून तिने नगरपालिकेला कळवलं होतं, “मला समुद्र दिसतो, पोचता येत नाही. इथे पायऱ्या बांधणारा मूर्ख कोण?” मी म्हटलं, मूर्ख काढूया. तिने डोळे मिटले. मिटले म्हणजे नाही. दोन उन्हाळ्यांनंतर समुद्रकाठच्या पोहायच्या तलावाला खुर्ची उतरेल असा उतार झाला, आणि उद्घाटनाला त्या मूर्खानेच तिला फुलं दिली.

तर अशा बाईला, दोन महिन्यांपूर्वी, लूपेने विचारलं होतं. लूपे टोंगा बेटांवरची. दोन वर्षं सकाळची आमच्याकडे यायची, ब्रॉनला आंघोळ घालायला. हाडापेराने मोठी, आवाज चर्चमध्ये घुमावा असा. आता मेफिल्डला एक घर चालवते, ब्रॉनसारखी तिघं राहतील असं, दारं रुंद, छताला उचलायची झोळी. दोघं आली आहेत, तिसरी खोली रिकामी. ब्रॉन तिथे राहायला येणार का, ते या शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. ब्रॉनने ऐकता क्षणी डोळे वर केले होते, इतके वर की नुसतं पांढरं दिसलं. मी म्हटलं होतं, बघू. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. मी लूपेला दारापाशी हळूच सांगितलंही, “आता थोड्या दिवसांसाठी कशाला तिची जागा हलवायची?” लूपेने नुसता माझा हात धरला. थोडे दिवस. हे माझं हुकमी पान होतं. याच्यापुढे कुणी बोलत नसे, केलसुद्धा. सुट्टीला जायचं नाही, थोडे दिवस आहेत. घरात दुसरं कोणी भरवणार नाही, थोडे दिवस आहेत. आणि त्या सकाळी त्या बाह्या दुमडलेल्या पोराने ते पान माझ्या हातातून काढून घेतलं.

घरी आल्यावर मी चहा ठेवला, ब्रॉनच्या चहात दाट व्हायची पूड घातली, ढवळत राहिले. ढवळायचं संपलं तरी ढवळत राहिले. मागून घशातला तो आवाज आला, “अँ,” म्हणजे खिडकी आण. मी आणली. स्वयंपाकघरात दुपारचं ऊन होतं आणि पाटीतून तिचं तोंड दिसत होतं, वर अक्षरं, खाली तोंड. तिची नजर फिरायला लागली.

“ऐकलंस ना?” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“वीस वर्षं.”

“डॉक्टर काहीही बोलतात. आधीचाही बोललाच होता.”

तिने डोळे मिटले. मग, “शुक्रवार परवा आहे.”

“ब्रॉन, ऐक. तुझा खोकला कोण ओळखणार? साधा कुठला आणि छातीतला कुठला, हे लूपेला दोन वर्षांत नाही कळलं.”

“शिकव.”

“हनुवटी किती खाली घ्यायची, ते हाताला कळतं, सांगता येत नाही.”

“शिकव.”

“आणि मी शिकवलं आणि त्यांनी चूक केली तर?”

“तूही केलीस.” ती थांबली. दम खाल्ला. एकेक अक्षर तिला घासासारखंच जड पडतं, आणि मी मध्येच शब्द पुरा करून टाकते ही माझी जुनी खोड, पण त्या दुपारी मला पुढचा शब्द खरंच सुचत नव्हता. “मला किल्ली दिलीत. नऊ वर्षांची होते. सगळे रडत होते. मी मरणार म्हणून दिलीत. मेले नाही. आता दार?”

मी पाटी खाली ठेवली. हात दुखायला लागले असं म्हटलं. खोटं होतं. ती “अँ” म्हणाली, परत, जोरात, आणि तिचा डावा हात खुर्चीच्या कडेवर आपटला, तो तिच्या इच्छेने आपटतो की आपला आपटतो हे कळायला मला दहा वर्षं लागली होती. हा इच्छेने होता. मी पाटी उचलली.

“तू रोज काय मागतेस, मला माहीत आहे.”

संध्याकाळी तिला कुशीवर वळवून मी पाठ थोपटते, त्या तालावर ती गुंगते, आणि मग मी पुटपुटते. देवळात-चर्चमध्ये जाणारी बाई मी नाही, त्यामुळे कुणाला म्हणते तेही मला सांगता येणार नाही. एवढंच म्हणते की हिला माझ्या एक दिवस आधी ने. एकच दिवस. मग माझं काहीही कर. कोण्या आईने मुलासाठी असं मागावं? पण अशी मुलं असलेल्या आयांना विचारा, क्लिनिकच्या त्या बाकावरच्या कुणालाही, डोळ्यांत बघून विचारा. मला वाटायचं ती झोपलेली असते. मला वाटायचं हे माझं आणि त्या अंधाराचं आहे.

“किती वर्षांपासून माहीत आहे?” मी विचारलं.

“लहानपणापासून.”

“ब्रॉन—”

तिने डोळे मिटले. बोलू नकोस. मग उघडले आणि एकेक अक्षर, न थांबता, घाम येईपर्यंत, “आई, मी तुझ्या आधी मरणार नाही. सॉरी.”

आणि हसायला लागली. पायांपासून. मी रडत होते, चांगली भोकाड पसरून, केलच्या मातीचं आणि हॉलमधल्या त्या दिवसाचं आणि बो-टायवाल्याचं सगळं एकदम, आणि ती खुर्चीचे पट्टे करकरवत हसत होती, कारण तिच्या दृष्टीने हा तिने आयुष्यात केलेला सर्वांत मोठा विनोद होता. तिला असं वाटत होतं की मी काही मागावं आणि ते तिला देता येऊ नये याबद्दल माफी मागायला हवी. इतकी वर्षं माझ्या तोंडून आपल्या मरणाची मागणी ऐकत ती कुशीवर पडून राहिली आणि सकाळी उठून माझ्या हातून घास घेत राहिली. मनात अढी न ठेवता. त्या क्षणी मला माझ्या मुलीचा जो अभिमान वाटला तसा कुणाचाही, कधीही वाटलेला नाही. तिचा चहा निवून घट्ट झाला होता. मी तो फेकला आणि लूपेला फोन केला.

“नुसतं जेवायला येतोय आम्ही,” मी म्हटलं. “नुसतं जेवायला, कळलं का?”

“कळलं, नेरिडा,” लूपे म्हणाली. “मी काय, तुमच्यासाठी बटाटे जास्त लावते.”

शुक्रवारी गेलो. टेबल लांब होतं, खाली खुर्च्या शिराव्यात म्हणून उंच केलेलं. ब्रॉनच्या समोर वॉरिक नावाचा एक पन्नाशीचा माणूस होता, तिच्यासारखाच, टक्कल पडलेला. पन्नाशीचा! मी त्याच्याकडे किती वेळ बघत राहिले कुणास ठाऊक. अशा माणसाचं टक्कल मी आजवर पाहिलंच नव्हतं. त्याने ब्रॉनकडे बघून एक डोळा मिचकावला आणि ब्रॉन लाजली. माझी मुलगी लाजली. लूपे तिच्या डाव्या बाजूला बसली, आणि मी आपोआप उजवीकडे सरकले तेव्हा म्हणाली, “तुम्ही तिकडे, टोकाला. इथे तुमचं कोपर मला आडवं येतं.”

“हनुवटी—”

“सांगितलंत तुम्ही. टॅक्सीतून उतरल्यावर तीनदा सांगितलंत.”

मी टोकाला बसले. हात मांडीखाली घातले, लहान मुलीसारखे. लूपेची पद्धत माझी नव्हती. मी गप्प राहून भरवते, लक्ष सगळं ओठांवर. ही घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होती, आणि चमचा ओठांपाशी नेऊन थांबत होती. नुसती थांबत होती. ब्रॉनने मान आणावी, निसटावी, परत आणावी. मी असते तर मान धरली असती. मला बघवेना. पाचवा की सहावा घास असेल, आणि ब्रॉनला ठसका लागला. तिचं तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी. माझं अर्धं शरीर खुर्चीतून उठलेलं होतं. लूपेने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तिने तळहात ब्रॉनच्या छातीवर ठेवला, हनुवटी दोन बोटांनी खाली घेतली आणि गुणगुणत राहिली, न थांबता, त्याच सुरात. मी कान देऊन ठसका ऐकत होते. वरचा आहे. छातीतला नाही. वरचाच आहे. “वरचा आहे,” लूपे म्हणाली, ब्रॉनला, मला नाही. दोन खोकले, तिसरा, आणि घास खाली गेला. ब्रॉनने डोळे वर केले. दुसरा दे.

मी खाली बसले. तेव्हा मला समोर ताटली दिसली. बटाटे, कोकराचं मांस, वरून रस्सा, आणि त्यातून वाफ निघत होती. ती माझी होती. कुणीतरी केव्हाच ठेवून गेलं होतं, आणि मी काहीच करत नव्हते, तेव्हा ती खायची सोडून दुसरं कामच नव्हतं. मी काटा घेतला, नेहमीसारखा मोठा तुकडा तोंडात टाकला आणि जीभ अशी भाजली की डोळ्यांत पाणी आलं. आमच्या घरी आधी ब्रॉनचं होतं. तासाभराने माझं. ब्रॉन जन्मल्यापासून मी ताटातलं गरम असं काही खाल्लेलंच नव्हतं, आणि गरम कसं खातात, आधी फुंकायचं असतं, कडेने घ्यायचं असतं, हे माझ्या तोंडाला आठवत नव्हतं. मी हाताने तोंडाला वारा घालायला लागले. टेबलाच्या त्या टोकाला ब्रॉनने हे पाहिलं. तिला कळलं, माझ्या आधी कळलं असणार. गुडघे ताठ झाले, पट्टे करकरले, आणि तिच्या तोंडातला भोपळा लूपेच्या बाहीवर उडाला. वॉरिकही हसायला लागला. लूपेने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मी नको म्हटलं, आणि दुसरा घास तसाच, वाफ निघत असताना, तोंडात घातला.